फडातला अपघात आणि एकदाच करायची निवड

हाताचा अंगठा गेला तर माणसाची कमावण्याची शक्ती ३० टक्के गेली, असं १९२३चा कामगार नुकसानभरपाई कायदा धरून चालत आला. एका हाताची चारही बोटं गेली तर ५० टक्के, हात खांद्यातून काढावा लागला तर ९० टक्के. कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात अशी यादीच आहे. वकील ती चाळतात आणि भरपाई ठरवणारे आयुक्त तिच्यावरून आकडे मांडतात. बीड जिल्ह्यातल्या ज्या माणसांच्या अंगावर हे आकडे पडतात, त्यांतल्या बहुतेकांना मात्र अशी यादी असल्याचं कुणी सांगितलेलं नसतं.

ऊसतोड कामगाराला अंगठा कशासाठी लागतो, हे फडात उभं राहिलं की कळतं. एका हाताने ऊस मुठीत धरायचा, दुसऱ्या हातातल्या कोयत्याने तो बुडातून तोडायचा, पाचट सोलायचं, शेंड्याचं वाढं छाटायचं, मोळी बांधायची. मग ती डोक्यावर घेऊन फळीवरून चढत ट्रकमध्ये नेऊन टाकायची. अंगठा नसलेला हात यातलं एकही काम धड करू शकत नाही. म्हणजे परिशिष्टात ३० टक्के असलेलं नुकसान फडात जवळजवळ शंभर टक्के असतं. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचं प्रकरण आलं होतं. कामावरच्या अपघातात त्याचा डावा हात कापावा लागला होता. नुकसान अंशतःच आहे, असं मालकाचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मानलं नाही. एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा सुतारापुरतं हे पूर्ण अपंगत्व आहे, असा निर्णय दिला. तोच न्याय कोयत्यालाही लागतो, पण त्यासाठी कोयतेवाल्याला आधी आयुक्तापर्यंत पोचावं लागतं.

धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई या बीडच्या तालुक्यांतून दर हंगामाला लाखोंच्या संख्येने माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. सहा महिने कोपीत राहतात, रात्री-अपरात्री गाडी भरतात. कुणी भरलेल्या ट्रकवरून पडतो, कुणाला पाचटात साप चावतो, कुठे घाटात ट्रॉली उलटते, कुठे ओव्हरलोड टायरगाडीला मागून वाहन ठोकतं. असा अपघात झाला की कायदा जखमी माणसापुढे किंवा त्याच्या घरच्यांपुढे दोन रस्ते ठेवतो आणि त्यांतला एकच धरायला सांगतो.

पहिला रस्ता कायद्याने ठरवलेल्या भरपाईचा. तिथे मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. काम करत असताना, कामामुळे इजा झाली एवढं पुरतं. मृत्यू झाला असेल किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल, तर कामगार दारू प्यायलेला होता, अशी सबबही मालकाला सांगता येत नाही. रक्कम सूत्रावरून निघते. मृत्यू झाल्यास मासिक मजुरीचा ५० टक्के भाग, पूर्ण अपंगत्वात ६० टक्के भाग, आणि त्याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचं. तिसाव्या वर्षी हा गुणक २०७.९८ आहे. मजुरी कितीही असली तरी हिशेबात महिना १५ हजारांपर्यंतच धरली जाते. ही मर्यादा जानेवारी २०२० मध्ये ठरली, त्याआधी ती आठ हजार होती.

दुसरा रस्ता दाव्याचा. दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाई मागायची, किंवा अपघात वाहनाचा असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जायचं. तिथे साधारणपणे कुणाची तरी चूक दाखवावी लागते. पण वेदना, उपचार, पुढची वाढती कमाई आणि घरच्यांनी गमावलेला आधार या सगळ्याचा हिशेब तिथे होतो.

फरक किती पडतो ते आकड्यांत पाहू. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि टनाला सुमारे २७३ रुपयांचा दर ३६६ वर गेला. नवरा-बायकोच्या जोडीने दिवसाला दोन टन तोडला तर ७३२ रुपये होतात, तेही दोघांचे मिळून. खाडे वजा जाता माणशी महिना दहा हजार धरू. तीस वर्षांचा, मागे बायको, दोन मुलं आणि आई असलेला माणूस ट्रॉलीखाली सापडून गेला, तर पहिल्या रस्त्याने १० लाख ३९ हजार ९०० रुपये निघतात. दुसऱ्या रस्त्याने, सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ साली घालून दिलेल्या सूत्रांप्रमाणे, दहा हजारांत भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा करायचा आणि वर्षाच्या रकमेला १७ ने गुणायचं. त्याचे २१ लाख ४२ हजार होतात, आणि जोडीदार गमावल्याबद्दलची व अंत्यविधीची रक्कम त्याशिवाय. म्हणजे मृत्यू एकच, पण एका दारातून दुसऱ्या दाराच्या दुप्पट रक्कम मिळते.

मग कुणीही दुसरंच दार निवडेल, असं वाटेल. पण दुसऱ्या दारामागे अडचणी मोठ्या आहेत. ट्रॅक्टरवर चालकाशिवाय कुणाला बसायची परवानगीच नव्हती, असं विमा कंपनी म्हणते. कंपनी सुटली की हुकूमनामा उरतो तो ट्रॅक्टरमालकावर, आणि तो बहुधा कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला शेतकरीच असतो. एप्रिल २०२२ पासून न्यायाधिकरणाकडे जायला सहा महिन्यांची मुदत घातली गेली. भरपाई कायद्यात ती दोन वर्षांची आहे. नोव्हेंबरात कोल्हापूरकडे अपघात झाला आणि कुटुंब एप्रिल-मे महिन्यात गावी परतलं, तर कागद गोळा करायच्या आतच सहा महिने निघून जातात. आणि अपघातात वाहन नसेल, कोयताच लागला असेल किंवा साप चावला असेल, तर न्यायाधिकरणाचं दार बंदच. मग दिवाणी दावा करायचा तो कुणावर? टोळी घेऊन येणाऱ्या मुकादमावर? त्याच्या नावावर बऱ्याचदा वसूल करण्यासारखं काही नसतं.

कायद्यातली अट अशी की दिवाणी दावा दाखल केला तर आयुक्ताकडची भरपाई गेली, आणि आयुक्ताकडे अर्ज केला तर दावा गेला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६७ मध्येही हीच तऱ्हा आहे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्का मारला आणि एकदा भरपाई कायद्याचा रस्ता धरलेल्या कामगाराला पुन्हा न्यायाधिकरणाकडे जाता येणार नाही, असं सांगितलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला (इथे दिलेली कलमं आणि परिशिष्टं त्या जुन्या कायद्यातली आहेत), तरी ‘दोन्हींपैकी एकच’ हे तत्त्व कायम आहे.

या तत्त्वाच्या मुळाशी एक जुना सौदा आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जखमी कामगार मालकावर दावा करायला गेला की बहुतेक वेळा हरायचा. धोका माहीत असून तू काम पत्करलंस, चूक तुझ्या सहकाऱ्याची होती, थोडी तुझीही होती, असल्या बचावांनी मालक सुटायचा. १८८४ मध्ये जर्मनीने आणि १८९७ मध्ये ब्रिटनने त्यावर तोडगा काढला. कामगाराने चूक सिद्ध करायची नाही, आणि मालकाने ठरलेली मर्यादित रक्कम लगेच द्यायची. भारतातला १९२३चा कायदा त्याच घराण्यातला, आणि तो १ जुलै १९२४ पासून लागू झाला. कामगाराने मोठ्या रकमेचा हक्क सोडायचा आणि त्या बदल्यात खात्रीची रक्कम लवकर मिळवायची, असा तो व्यवहार होता.

हा व्यवहार मालकाच्या बाजूने पाळला गेला आहे का, हा खरा प्रश्न आहे. बीडला लागून असलेल्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातलं एक प्रकरण त्याचं उत्तर देतं. साखर कारखान्याचा एक वॉचमन २२ एप्रिल २००३ रोजी मोटारसायकलवरून कामावर निघाला होता. त्याची ड्यूटी पहाटे तीन ते सकाळी अकरा अशी होती. कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघात झाला आणि तो गेला. मागे बायको, चार मुलं आणि आई. आयुक्ताने सव्वातीन लाखांच्या आसपास भरपाई व्याजासह मंजूर केली. अपघात कामाच्या जागी झाला नाही, असं म्हणत विमा कंपनी उच्च न्यायालयात गेली आणि २०११ मध्ये तो आदेश रद्द झाला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. घरातून कामावर जाताना किंवा कामावरून परतताना झालेला अपघात, वेळ-जागा-कारण यांचा कामाशी संबंध असेल तर कामावरचाच अपघात मानायचा, असं त्या निकालाने ठरलं. निकाल मोठा आहे, त्याचा फायदा पुढे अनेकांना होईल. पण भरपाई अपघातापासून एका महिन्यात द्यावी, असं ज्या कायद्यात लिहिलं आहे, त्या कायद्याखाली या कुटुंबाला २२ वर्षं लागली. त्यातही मालक कोण, याबद्दल वाद नव्हता. वॉचमन कारखान्याच्या हजेरीपटावर होता.

ऊसतोड कामगार कुणाच्याच हजेरीपटावर नसतो. इथे त्याची सगळी अडचण सुरू होते.

८ डिसेंबर २०१७ रोजी परळी तालुक्यातल्या पांगरी इथे, वैद्यनाथ सहकारी साखर कारखान्यात उसाच्या गरम रसाची टाकी फुटली. कामगार भाजले, काहींचा जीव गेला. त्या दुर्घटनेत चूक कुणाची यावर वाद घालता आला असता, पण ती माणसं कारखान्यात कामाला होती हे नाकारणं अवघड होतं. तोच ऊस दहा किलोमीटरवरच्या फडात तोडताना कुणी जखमी झाला, तर कारखाना सांगतो की आमचा करार वाहतूक ठेकेदाराशी आहे. ठेकेदार मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादम म्हणतो, मी मालक कसला, मीही यांच्यासारखाच उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन आलोय. गेटच्या आतला कामगार आणि गेटच्या बाहेरचा कामगार एकाच साखरेसाठी राबतात, पण कागदावर त्यांतल्या एकालाच मालक असतो.

भरपाई कायद्याच्या कलम १२ ने ही पळवाट शंभर वर्षांपूर्वीच ओळखली होती. मूळ धंद्याचंच काम ठेकेदाराकडून करून घेतलं, तर मुख्य मालकाने भरपाई द्यावी आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी, असं ते कलम सांगतं. त्यात अट एवढीच की अपघाताची जागा मुख्य मालकाच्या ताब्यात किंवा नियंत्रणाखाली हवी. कारखाने तिथेच हात झटकतात, शेत शेतकऱ्याचं आहे म्हणतात. पण फडात हुकूम कुणाचा चालतो? कोणत्या गटातला ऊस कोणत्या दिवशी तुटेल हे कारखान्याचं शेतकी खातं ठरवतं. कारखान्याचा चिटबॉय तोडीची चिठ्ठी देतो, वजन कारखान्याच्या काट्यावर होतं. तोडणी-वाहतुकीचा खर्च कारखानाच शेतकऱ्याच्या ऊसबिलातून कापून घेतो. शेतकरी स्वतःच्या शेतात स्वतःच्या मर्जीने कोयता लावू शकत नाही. इतकं नियंत्रण असताना अपघाताच्या दिवशी मात्र नियंत्रण नव्हतं, हे म्हणणं टिकू नये. ट्रक-ट्रॅक्टर भरणारे कामगार तर कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात पहिल्याच नोंदीत आहेत, कारण यांत्रिक वाहनात माल चढवणं-उतरवणं तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. बैलगाडीवाल्याला मात्र आपण या यादीत बसतो की नाही, इथपासून भांडावं लागतं.

मालकाचा पत्ता नसला की तिसरा रस्ता उघडतो, आणि बीडमधल्या गावांत सगळ्यांना माहीत असलेला रस्ता हाच. त्याला तडजोड म्हणतात. मुकादम किंवा ठेकेदार घरी येतो, दवाखान्याचं थोडं बिल देतो, मयताच्या घरी दहाव्यापुरते पैसे ठेवतो, उचलीतली बाकी फिटली असं म्हणतो आणि स्टँपवर सही किंवा अंगठा घेतो. मुकादम बहुधा त्याच पंचक्रोशीतला, कधी नात्यातला असतो. पुढच्या वर्षी उचल त्याच्याकडूनच घ्यायची असते. अशा वेळी सही नाकारायची हिंमत कुठून येणार?

कायद्याच्या नजरेत या कागदाला किंमत नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कलम १७ प्रमाणे रद्दबातल ठरतो. मृत्यूची भरपाई मालकाने थेट वारसाच्या हातात दिली तर ती दिली असं धरलंच जात नाही, ती आयुक्ताकडेच जमा करावी लागते. मालकाला आगाऊ देता येते ती जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मजुरीइतकी रक्कम. उशीर केला तर १२ टक्के व्याज आणि वर ५० टक्क्यांपर्यंत दंड. १९९५च्या दुरुस्तीने आणखी एक मोठी सोय केली. अर्ज अपघाताच्या जिल्ह्यातच करावा असं नाही, कुटुंब जिथे राहतं तिथल्या आयुक्ताकडेही करता येतो. सांगलीच्या फडात गेलेल्या माणसाच्या बायकोला सांगलीचे हेलपाटे घालावे लागत नाहीत, बीडमध्येच अर्ज देता येतो. स्त्रियांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट न घालता.

एवढ्या तरतुदी असूनही ‘एकच निवडा’ या अटीमुळे त्यांचा कणा मोडतो. निवड म्हणायची तर निवडणाऱ्याला दोन्ही बाजू माहीत हव्यात, आणि निवड चुकली तर तग धरण्याइतका आधार हवा. इथे माणूस दवाखान्यात पडलेला असतो, घरात दाणा नसतो, उचल अंगावर असते. तो जिथून पहिला पैसा दिसेल तिथे जातो. त्याने आयुक्ताकडे अर्ज दिला म्हणून चूक करणाऱ्यावरचा मोठा दावा कायमचा सोडला, असा अर्थ काढणं म्हणजे त्याच्या गरिबीचा फायदा घेणं झालं.

ही अट काढण्याला आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. दोन्ही वाटा खुल्या ठेवल्या तर एकाच दुखापतीचे पैसे दोनदा मिळतील, हा पहिला. पण त्यावरचा उपाय आपल्याच न्यायालयांनी करून दाखवला आहे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका विधवेचं प्रकरण होतं. तिच्या नवऱ्याच्या मालकाने स्वतःहून आयुक्ताकडे भरपाई जमा केली होती आणि तिने ती उचलली होती. न्यायालय म्हणालं, ही तिची निवड नव्हे, पैसे मालकाने जमा केले होते. न्यायाधिकरणाकडचा तिचा दावा टिकला आणि आधी मिळालेली रक्कम त्यातून वजा झाली. वजाबाकी करता येते, तर बंदी कशासाठी? ब्रिटनने १९४६ ते १९४८ या काळात कायदे बदलून ‘एकच निवडा’ ही अट काढून टाकली. तिथल्या कामगाराला सरकारी लाभ घेऊनही दावा करता येऊ लागला, त्या लाभाचा ठराविक भाग दाव्याच्या रकमेतून कापला जाऊ लागला. आपण त्यांचा १८९७चा सौदा उचलला आणि त्यांनी तो दुरुस्त केल्यावर मात्र तिकडे पाहिलं नाही.

दुसरा आक्षेप असा की मालकाला आपली जबाबदारी किती, हे एकदा नक्की कळायला हवं, नाहीतर विमा महागतो. हे म्हणणं रास्त आहे. पण ठरलेल्या मर्यादेचा फायदा जो मालक एका महिन्यात रक्कम जमा करतो, त्याला द्यावा. जो बावीस वर्षं लढवतो, किंवा हा आमचा माणूसच नव्हे म्हणतो, त्याला नाही. ज्याने सौद्यातली आपली बाजू पाळली नाही, त्याने समोरच्याला सौद्यात बांधून ठेवू नये.

या सगळ्यात सर्वांत मागे राहते ती बाई. टोळीत जोडी म्हणजे एक कोयता. उचल नवऱ्याच्या नावाने, हिशेब नवऱ्याच्या नावाने, आणि निम्म्या उसाचं तिचं काम कुठल्याच कागदावर नाही. मोळी घेऊन फळीवरून घसरली आणि मणका मोडला, तर तिची मासिक मजुरी किती होती, या प्रश्नाचं उत्तर दाखवायला पुरावा नसतो. सूत्राचा पहिला आकडाच नसेल तर गुणक असून काय उपयोग? आणि जे नुकसान एका अपघाताचं नसतं, ते तर सूत्रात बसतच नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजार ८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. खाडा पडू नये म्हणून शरीराने मोजलेली ही किंमत आहे. तिच्यासाठी ना आयुक्ताकडे रकाना आहे, ना न्यायाधिकरणाकडे.

म्हणून सुरुवात निवडीच्याही आधी, नावापासून व्हायला हवी. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ उभं राहिलं आहे आणि त्यासाठी गाळलेल्या उसामागे कारखान्यांनी टनाला दहा रुपये द्यायचे आहेत. महामंडळाची योजना हवीच, पण तिला मालकाच्या जबाबदारीची जागा घेऊ देऊ नये. गाळप सुरू करण्यापूर्वी प्रत्येक कारखान्याला पुण्याच्या साखर आयुक्तांकडून परवाना घ्यावा लागतो. त्या परवान्याला तीन अटी जोडता येतील. तोडणी करारासोबत टोळीतल्या प्रत्येकाचं, म्हणजे नवऱ्याचं वेगळं आणि बायकोचं वेगळं नाव आणि दर असलेली यादी. अपघात झाला तर मुख्य मालक म्हणून कारखाना भरपाई जमा करील, असं लेखी वचन. आणि त्या जबाबदारीचा विमा. ज्या आयुक्तांना शेतकऱ्यांच्या उसाची ठरलेली किंमत (एफआरपी) थकवणाऱ्या कारखान्याचा परवाना अडवता येतो, त्यांच्या हातून हेही व्हायला हरकत नसावी. ‘एकच निवडा’ ही अट काढायला संसद लागेल. ही यादी मात्र उचल वाटली जाते त्याच महिन्यांत, त्याच टेबलावर तयार होऊ शकते.